सुभेदाराची खोली

कुमुद रोडे मॅडम. मी आज जो काही आहे, त्यासाठी ज्या एका माणसाचा मी सर्वांत जास्त ऋणी आहे, त्यांचं नाव आधी लिहितो. आईवडिलांनी मला वाढवलं, खाप्याच्या शाळेत घातलं. वडील मँगनीजच्या खाणीत होते, हात कायम काळे. माझ्या पुस्तकाला हात लावायच्या आधी ते साबणाने दोनदा धुवायचे. हे मी विसरलेलो नाही. पण आमच्या घरातला पहिला पदवीधर घडला तो नागपुरात, मानेवाड्याकडच्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, मॅडमच्या घरी. मेच्या अखेरीस मॅडम गेल्या. त्याला आता सहा आठवडे होतील.

बातमी आली तेव्हा मी कुहीला होतो. तिथल्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. सुट्ट्या होत्या, नवतपा लागला होता, म्हणजे आमच्याकडचे उन्हाचे सर्वांत कडक नऊ दिवस. सकाळचे आठ वाजले असतील. मॅडमच्या शेजारच्या शकुनकाकूंचा फोन आला. "गोपाल, मॅडम गेल्या गा. दूध बाहेरच पडून होतं म्हणून मी आत पाहाले गेली... खुर्चीतच बसून होत्या." माझ्या तोंडून जे पहिलं वाक्य निघालं, त्याची मला आजही लाज वाटते आणि वाटतही नाही. मी विचारलं, "काकू, एसी सुरू आहे ना?"

काकूंना याचा राग आला नाही. त्या म्हणाल्या, "त्याच्याचसाठी तर फोन केला. मधुकरराव आले. निखिल उद्या रात्री पोचते म्हणते. बर्फाची पेटी दुपारपर्यंत येत नाही. तोवर मॅडमले एसीच्या खोलीत ठेवतो म्हणून राहिले, अन् पिंजरा मागच्या वऱ्हांड्यात." निखिल हा मॅडमचा एकुलता मुलगा, कॅनडात असतो. मधुकरराव त्यांचे चुलत दीर. मी म्हटलं, "काकू, वऱ्हांड्यात तो तासभर टिकणार नाही." "मले माहीत आहे रे. पण माह्यं कोण ऐकते इथं?" मी मधुकररावांना फोन द्यायला सांगितलं. ते आधीच वैतागलेले होते. "घरात मयत झालं आहे अन् तू मले उंदराचं सांगून राहिला?" मी म्हटलं, "काका, मॅडमना आत न्या. नक्की न्या. फक्त पिंजरा तिथेच राहू द्या. दोघंही राहतील." "मयताजवळ जनावर?" मी म्हटलं, "मॅडमजवळ." त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, फोन ठेवला. डोक्याला ओला दुपट्टा बांधून मी मोटारसायकल काढली. नागपूरपर्यंत तासाभराचा रस्ता. त्या तासात पिंजरा आत आहे की वऱ्हांड्यात, हे मला ठाऊक नव्हतं.

पिंजऱ्यात होता तो सुभेदार. चिंचिला. वाचकांपैकी अनेकांनी हा प्राणी पाहिला नसेल. मीही मॅडमच्या घरी येईपर्यंत नावही ऐकलं नव्हतं. खारीहून मोठा, सशाहून लहान, कान गोल, शेपटी झुपकेदार, रंग राखेचा. दूर दक्षिण अमेरिकेतल्या थंड, कोरड्या डोंगरांवरचा. त्याच्या अंगावरचा केसाळ कोट इतका दाट असतो की फुंकर मारली तरी कातडी दिसत नाही. पंचवीस अंशांच्या वर हवा गेली की त्याचे हाल सुरू होतात, आणि नागपुरात उन्हाळ्यात पारा कुठे जातो हे मी सांगायला नको. निखिलने बंगळूरला नोकरीत असताना दोन भाऊ आणले होते, परदेशी जाताना सहा महिन्यांसाठी म्हणून आईकडे सोडले. ते सहा महिने कधी संपले नाहीत. मॅडमनीच त्यांना सुभेदार आणि हवालदार अशी नावं दिली. दोघंही मागच्या पायांवर ताठ उभे राहायचे, मिशा फेंदारून. सुभेदार तपासणीला आल्यासारखा आधी पुढे यायचा, हवालदार त्याच्या मागे.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी कॉलेजच्या फलकावर एक चिठ्ठी वाचली होती. एका विद्यार्थ्यासाठी वरची खोली. दुपारी बारा ते पाच घरी थांबावे लागेल. प्राण्यांची भीती नसावी. मला वाटलं, कुत्रा असेल. मॅडम तेव्हा प्राणिशास्त्राच्या विभागातून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, आणि दुपारी एका कनिष्ठ महाविद्यालयात तासांवर शिकवायला जात. दारातच त्यांनी मला विचारलं, "कोणत्या प्राण्याची भीती वाटते?" मी घाबरून खरं ते सांगितलं, "मॅडम, मले इंग्रजीची वाटते." त्या हसल्या. "ती मी पाळत नाही. ये आत." खोलीच्या बदल्यात दुपारभर त्या दोघांकडे बघायचं, एवढाच करार. पुढे त्याच टेबलावर त्यांनी मला तीन वर्षं इंग्रजीही शिकवली, पण करारात ती नव्हती.

घरात एसी एकच होता, उत्तरेकडच्या खोलीत. ती मॅडमची निजायची खोली होती. दोघे भाऊ आल्यावर मॅडमनी आपला पलंग बैठकीत आणला आणि त्या कूलरसमोर झोपू लागल्या. खोलीत माणसाच्या उंचीचा तारेचा पिंजरा, आत लाकडी फळ्यांचे तीन मजले. प्लास्टिकची एकही वस्तू नाही, कारण त्यांचे दात जन्मभर वाढत राहतात आणि सापडेल ते कुरतडतात. त्यासाठी मागच्या अंगणातल्या तुतीच्या वाळलेल्या फांद्या. खायला बाहेरून मागवलेलं सुकं गवत. आंघोळ पाण्याची नाही, धुळीची... पिठासारख्या बारीक मातीत आठवड्यातून दोनदा ते लोळायचे, आणि ती माती मॅडम स्वयंपाकघरातल्या जुन्या चाळणीने चाळून डब्यात भरून ठेवायच्या. "यांना ओलं होऊ द्यायचं नाही," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "केस इतके दाट की आतलं पाणी वाळत नाही. थंड आणि कोरडं. दोन्ही पाहिजे."

लेआउटमध्ये याची चर्चा व्हायचीच. शकुनकाकू भाजी निवडता निवडता कुंपणावरून म्हणायच्या, "मॅडमच्या उंदराले एसी अन् मॅडमले कूलर. पुढच्या जन्मी मी उंदीर होईन बाप्पा." मॅडम म्हणायच्या, "शकुन, तू आधी तोंड मिटून बसायला शीक, मग घेते तुला." एकदा माझे वडील खाप्याहून भेटायला आले. त्यांनी चपला फाटकाबाहेर काढल्या होत्या. मॅडमनी त्यांना मुद्दाम त्या थंड खोलीत बसवलं. बाबा भिंतीला टेकून बराच वेळ दोघा भावांकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मॅडम, हे जनावर कामाचं काय करते?" "काहीच नाही." बाबांनी मान हलवली. "मंग बरं आहे. कोणी तं आराम करून राहिलं." मॅडम त्या दिवसानंतर बाबांचं नाव निघालं की हेच वाक्य सांगायच्या.

मी पहिल्या आठवड्यात एक चूक केली. सुभेदार पिंजऱ्याबाहेर सुटला आणि मी झडप घालून त्याला धरला. तो निसटला, आणि माझ्या मुठीत त्याचे केस राहिले, पुंजकाभर, रेशमासारखे. मला वाटलं मी त्याला सोलूनच काढलं. मॅडम आल्या, जमिनीवर बसल्या, हात उताणा ठेवला आणि बसून राहिल्या. वीस मिनिटं. शेवटी तो आपणहून हातावर आला. मला म्हणाल्या, "मारला नाहीस तू त्याला. तो घाबरला की केस सोडून देतो आणि जीव वाचवतो. त्याची सवय आहे ती." मग माझ्याकडे बघून हलकेच विचारलं, "तू घाबरलास की काय सोडतोस?" उत्तर तीन वर्षांनी आलं.

तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा माझा राखून ठेवलेला होता. प्रात्यक्षिकाचे गुण कॉलेजकडून विद्यापीठात पोचलेच नव्हते. बी.एड.च्या प्रवेशाची कागदपत्रं द्यायची शेवटची तारीख चार दिवसांवर होती. मी दोन दिवस खिडकी खिडकी फिरलो. प्रत्येक खिडकीने मला पुढच्या खिडकीकडे पाठवलं. तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "तू घरी थांब. मी जाते. तिथे माझे विद्यार्थी टेबलामागे बसतात." बासष्टीच्या होत्या. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळला, चष्मा लावला आणि अकरा वाजता स्कूटर घेऊन त्या उन्हात गेल्या. जूनचा पहिला आठवडा होता. पाऊस दूर होता.

बाराच्या सुमारास लाइट गेली. त्याची तयारी घरात कायम असायची. खोलीच्या दारावर मॅडमच्या अक्षरातली एक यादी चिकटवलेली होती: लाइट गेल्यास काय करावे. दार बंद ठेवावे. फ्रिजमधल्या संगमरवरी फरश्या पिंजऱ्यात ठेवाव्यात, ते त्यावर आपणहून आडवे होतात. बर्फाच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याबाहेर, चारी बाजूंना. कान लाल दिसल्यास धोका समजावा. पाणी शिंपडू नये. कूलर लावू नये. मी सगळं क्रमाने केलं. पण दीड वाजला तरी लाइट येईना. फरश्या कोमट झाल्या, बाटल्यांतलं पाणी झालं. खोली एकतीस अंशांवर गेली. काकू त्या दिवशी सावनेरला लेकीकडे गेल्या होत्या. दोघांचे कान, एरवी फिके गुलाबी, आता लाल होत चालले होते. हवालदार तोंड उघडून श्वास घेत होता.

मी फोन हातात घेतला. मॅडमचा फोन दुसऱ्या घंटेला उचलला जायचा, कुठेही असल्या तरी. मी नंबर लावला नाही. फोन परत टेबलावर ठेवला. त्याचं कारण मला त्याच क्षणी स्पष्ट माहीत होतं, आणि ते मी इथे नाही, पुढे लिहिणार आहे.

पावणेदोनला लाइट आली, पण व्होल्टेज इतकं कमी की एसी दोनदा गुरगुरून बंद पडला. पंखा मात्र फिरत होता. बैठकीतला कूलर फिरत होता. मी नागपूरकडचा मुलगा आहे. आमच्या अंगाला एकच गोष्ट कळते, उकाडा झाला की कूलरसमोर बसायचं. यादी माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी कूलर ढकलत त्या खोलीत नेला. टाकीत पाणी ओतलं, बाजूच्या वाळ्याच्या ताट्या भिजवल्या. ओला वास आला. माझ्या स्वतःच्या तोंडावर गार वारा लागला आणि मला इतकं बरं वाटलं... मला वाटलं, त्यांनाही वाटत असेल. अर्ध्या तासाने खोलीतली हवा दमट, जड झाली. हवालदार वरच्या फळीवर होता, वाऱ्याच्या तोंडाशी. तो कुशीवर पडला. मी हात घातला तेव्हा त्याने केस सोडले नाहीत, पळण्याचा प्रयत्न केला नाही. सुभेदार सर्वांत खाली, फरशीवर पोट टेकून होता. तो वाचला.

मग मी कूलर बाहेर ढकलला. जागेवर नेऊन ठेवला. खोलीतलं सांडलेलं पाणी पुसलं, फडकं अंगणात टाकलं. त्या उन्हात ते दहा मिनिटांत वाळलं. तीनच्या पुढे व्होल्टेज सुधारलं आणि एसी सुरू झाला. चारला मॅडम आल्या. चेहरा तांबडा, दुपट्टा कोरडा ठणठणीत. त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं, हवालदाराला उचललं आणि मांडीवर घेऊन जमिनीवर बसल्या.

"किती वेळ झाला?"

"दीड तास."

"काय केलं होतंस?"

"फरश्या ठेवल्या. बाटल्या ठेवल्या."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

त्यांची बोटं हवालदाराच्या केसांत खोल गेलेली होती. ती तिथेच थांबली. मी सांगितलं आहे, या प्राण्यांचे केस आतून वाळत नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी फरशीकडे. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "टेबलावर पाकीट आहे. फर्स्ट क्लास आहे. झेरॉक्स काढून आण, दुकान पाचला बंद होतं." मी पाकीट उचललं. त्यावर त्यांच्या घामाचे डाग होते. मी झेरॉक्स काढायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरच्या यादीत, कूलर लावू नये याच्या खाली, वेगळ्या शाईत एक ओळ वाढलेली होती. आधी मला फोन करावा. मी कुठल्याही कामात असले तरी. त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मीही नाही. त्यानंतर मी बी.एड. केलं, नोकरी लागली, लग्न झालं. प्रत्येक सुट्टीत मी मॅडमकडे जायचो, सुभेदारासाठी तुतीच्या फांद्या घेऊन, आणि प्रत्येक वेळी ती ओळ वाचूनच त्या खोलीत शिरायचो. सात वर्षं. यंदा होळीनंतर शाळेत आठवीतल्या एका मुलीच्या हातून प्रयोगशाळेतलं भिंग फुटलं. ती तशीच तुकडे ओंजळीत घेऊन स्टाफरूममध्ये आली आणि म्हणाली, "सर, माह्याकडून फुटलं." मला तिच्यासमोर उभं राहवेना. त्या रविवारी मी मॅडमना पत्र लिहिलं, टपालात टाकलं.

उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी फोनवर बोलणं झालं, सुभेदाराचे दात, उन्हाळा, माझ्या मुलीचा ताप. पत्राचं त्यांनी काढलं नाही, मला विचारण्याचा धीर झाला नाही. मेच्या मध्यात त्या म्हणाल्या, "सुट्टीत ये. बोलू." मी म्हटलं, "नवतपा संपला की येतो मॅडम." माणूस असं बोलून जातो...

त्या सकाळी मी पोचलो तेव्हा अंगणात चपलांचा ढीग होता. मी सरळ उत्तरेकडच्या खोलीच्या दाराशी गेलो. पिंजरा जागेवर होता. त्याच्या शेजारी, खाली चटईवर, पांढऱ्या चादरीत मॅडम होत्या. इतक्या वर्षांनी त्या परत स्वतःच्या खोलीत निजल्या होत्या. शकुनकाकू दारात मांडी घालून बसल्या होत्या, पाच-पाच माणसं आत सोडत होत्या, आणि उदबत्ती लावायला आलेल्या प्रत्येकाला बाहेर तुळशीकडे पाठवत होत्या. "धूर नाही पाहिजे आत. मॅडमचा नियम आहे." मला म्हणाल्या, "सकाळपासून भांडून राहिली. पाय सुन्न झाले माह्ये." मी भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहिलं. सव्वीस. सुभेदार मधल्या फळीवर जागा होता. एरवी दिवसा तो झोपलेला असतो.

एक वाजता एसी बंद पडला. व्होल्टेज. तेच गुरगुरणं, तेच थांबणं. खोलीत मॅडम, सुभेदार आणि आम्ही सात-आठ माणसं. सत्तावीस. अठ्ठावीस. मधुकरराव कपाळ पुसत उठले आणि म्हणाले, "कूलर आणा गा आत. मयत आहे घरात." दोघं जण बैठकीतला कूलर ढकलत दारापर्यंत घेऊनही आले. त्यांची चूक नव्हती. नागपूरचं कोणीही हेच करेल. मी दारात आडवा उभा राहिलो. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "कूलर नाही." मधुकरराव संतापले. "काहून नाही? तुह्यं घर आहे का हे?" मी दारावरच्या यादीवर बोट ठेवलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि ती मोठ्याने वाचू लागले. फरश्या. बाटल्या. कान. पाणी शिंपडू नये. कूलर लावू नये. मग शेवटची ओळ. आधी मला फोन करावा, मी कुठल्याही कामात असले तरी... ते थांबले. चष्मा काढला. चादरीकडे पाहिलं. "आता कोणाले फोन कराचा, वहिनी," असं म्हणाले, अगदी हळू. मग कूलर त्यांनी स्वतःच मागे ढकलला, स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिजमधली एक फरशी दोन्ही हातांत धरून आले. "ही कुठं ठेवायची रे?"

खोली रिकामी केली. दार लावून मी एकटा आत बसलो, एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला तो. कान गुलाबीचे तांबूस झाले. त्याने खाली उतरून फरशीवर पोट टेकलं. मी काहीही करत नव्हतो, हात उताणा ठेवून बसलो होतो. पस्तीस मिनिटं. मग एसी सुरू झाला. चारला पेटी आली, मॅडमना बैठकीत नेलं. दुसऱ्या रात्री निखिल पोचला, आणि पुढचं सगळं रीतसर झालं.

दहावं झाल्यावर निखिल मला म्हणाला, "सुभेदाराला तू ने. आई एप्रिलमध्येच म्हणाली होती, माझ्यानंतर तो गोपालकडे." एप्रिल म्हणजे पत्र पोचल्यानंतर. मी धुळीचा डबा घ्यायला कपाट उघडलं. डब्याखाली माझं पाकीट होतं, कात्रीने कडेला सरळ कापलेलं; मॅडम पाकीट कधी फाडत नसत. आत माझंच पत्र, बाकी काही नाही. दारावरची यादी मी चाकूने अलगद सोडवून घेतली. आता ती कुहीला आमच्या मागच्या खोलीच्या दारावर आहे. त्या खोलीला एसी बसवला आहे, आम्ही तिघं कूलरसमोर झोपतो. दिवेलागणीला सुभेदार उठतो, मागच्या पायांवर उभा राहतो आणि मिशा फेंदारून दाराकडे बघतो. मी आत गेलो तरी काही वेळ तो दाराकडेच बघत असतो.

ते पत्र असं होतं:

आदरणीय मॅडमना गोपालचा साष्टांग नमस्कार.

त्या दिवशी तुम्ही विचारलंत, आणखी काय केलंस. मी म्हटलं, काही नाही. मी कूलर लावला होता. हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, तुमचा हात त्याच्या केसांत होता. तरी मी माझ्या तोंडाने सांगायला हवं होतं. सात वर्षं उशीर झाला.

पण पत्र कूलरसाठी लिहीत नाही. कूलर ही चूक होती. घाबरलो आणि केली. फोन न करणं ही चूक नव्हती. मी फोन हातात घेतला होता. तुम्हाला उन्हाचा त्रास नको म्हणून ठेवला, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मला माहीत होतं की फोन केला तर तुम्ही खिडकीपाशी असाल तिथून परत याल, आणि माझं काम राहील. मला माझा निकाल हवा होता. हवालदार जाईल हे मला दिसत होतं, तरी मला निकाल हवा होता. त्या निकालावर मी आज मास्तर आहे.

तुम्ही यादीत ती ओळ लिहिलीत. मी ती प्रत्येक वेळी वाचतो. तुम्ही मला घराबाहेर काढलं नाहीत, उलट झेरॉक्सला पाठवलंत. मला माफ करा असं मी म्हणत नाही, ते तुमच्यावर आहे. फक्त त्या दुपारी राहून गेलेला फोन मी आज करतो. तेव्हा जे बोलायचं होतं ते लिहितो.

मॅडम, मी गोपाल बोलतो. लाइट गेली आहे. फरश्या कोमट झाल्या. दोघांचे कान लाल झाले आहेत, हवालदार तोंड उघडून श्वास घेतो आहे. मला काही सुचत नाही. निकाल राहू द्या. तुम्ही परत या.